सकाळचा कॉल

पहाटे उठणारा माणूस आयुष्यात मागे राहत नाही, हे जगातल्या सगळ्या थोर लोकांनी एकमतानं सांगून ठेवलेलं आहे. गुणवंता डोंगरे लहानपणापासून पहाटे उठतो. तो पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये धर्मकाट्यावर बसून दुसऱ्यांच्या कापसाचं वजन करतो.

त्याची मुलगी प्रणाली मात्र उठत नाही. ती सहावीत आहे, हुशार आहे, पाढे पाठ आहेत, पण सकाळी उठत नाही. तिच्या न उठण्यात लबाडी नसते. पोट दुखतं म्हणून ती रडत नाही, पांघरूण ओढून घेत नाही. हाक मारली की उठून बसते, "हो, उठली" म्हणते आणि बसल्या बसल्या झोपते. एकदा ती दात घासताना झोपली होती. गुणवंतानं न्हाणीचं दार उघडलं तर पोरगी भिंतीला टेकलेली, ब्रश तोंडात आणि चेहऱ्यावर समाधान. असं समाधान गुणवंतानं कापसाला चांगला भाव मिळालेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलं नव्हतं.

शाळेची व्हॅन कवडू चालवतो. तो सात वाजता गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हॉर्न वाजवतो. त्या हॉर्ननं गल्लीतली कुत्री उठतात, समोरच्या घरातलं तान्हं लेकरू उठतं, रात्रपाळी करून नुकतेच झोपलेले लोक उठून कवडूच्या घराण्याचा उद्धार करतात. ज्या एका व्यक्तीसाठी हॉर्न असतो तिच्यापर्यंत तो पोचत नाही.

प्रणालीची आई पुष्पा बोरगावच्या उपकेंद्रात नर्स आहे. तिला सकाळची पहिली बस धरावी लागते. म्हणून उठवण्याचा पहिला हप्ता ती अंधारात, पोळ्या लाटता लाटता देते आणि डबा पिशवीत टाकून निघून जाते. दुसरा हप्ता गुणवंताकडे असतो. तो रात्री जिनिंगमधून थकून आलेला असतो, पोरगी झोपेत असते, आणि दोघांपैकी कोण कोणाला उठवून राहिलं हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.

जानेवारी लागला तेव्हा शाळेच्या मोठ्या मॅडमनी नवरा-बायको दोघांना बोलावून घेतलं. मॅडम पूर्वी इतक्या कडक नव्हत्या. पांढुर्णा तालुक्याचं गाव होतं तोवर त्या पंधरा-वीस मिनिटं इकडची तिकडं होऊ देत. गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि त्यांना वाटू लागलं, आता आपली शाळाही जिल्ह्याच्या दर्जाची असली पाहिजे. त्यांनी फाटकाला नवीन कुलूप आणलं. प्रार्थना सुरू झाली की गजानन चपराशी ते लावतो, आणि बाहेर राहील तो बाहेर. मॅडमनी गोड आवाजात सांगितलं की प्रणालीवर त्यांचा जीव आहे, पण यापुढे एकदा जरी फाटक लागल्यावर आली तर आईबापांनी तिचं नाव काढून न्यावं.

पुष्पानं हे रात्री आपल्या भावाला फोनवर सांगितलं. भूपेंद्र सौसरला असतो. पतसंस्थेत मॅनेजर आहे. त्याच्या घरी पाचनंतर कोणी झोपत नाही, असं तो भेटेल त्याला सांगतो. त्याची दोन्ही पोरं पहाटे व्यायाम करतात, मग अभ्यास करतात आणि पाहुणे आले की न सांगता पाया पडतात. भूपेंद्र म्हणाला, पोरगीले इकडं पाठवा, कॉट रिकामी आहे, महिन्याभरात सरळ करतो. सरळ म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही आणि पुष्पानंही विचारलं नाही. ती फोन ठेवून पुन्हा कणीक मळायला लागली.

"अजून एक डाव उशीर झाला का मी दादाले बोलावते," ती म्हणाली. "तुम्ही मधात बोलायचं नाही."

"मी कुठं बोलून राहिलो?"

"नाही बोलत म्हणूनच सांगून राहिली."

पुष्पा वाईट बाई नाही. दिवसभर ती दुसऱ्यांच्या लेकरांना लस टोचते, बाळंतिणींची विचारपूस करते, उन्हातून पायी गावं फिरते. घरी येऊन अजून एका लेकराशी झगडायला तिच्यात काही उरलेलं नसतं. गुणवंताला हे समजत होतं.

सौसर काही फार दूर नाही. पण प्रणाली तिकडे गेली तर घरात रात्री काय उरेल, याचा हिशेब गुणवंताला वजनकाट्याशिवाय करता येत होता.

उपाय सुरू झाले. मोबाइलचा अलार्म लावला. तो ऐकून गुणवंता उठला. दुसरा मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून वाजवला. मग शेजारीही उठले. पुष्पानं सकाळी मोबाइलवर बुद्धवंदना लावून पाहिली. वंदनेनं मन शांत होतं हे खरं आहे. प्रणालीचं इतकं शांत झालं की तिनं कूस बदलली आणि घोरायला लागली. थंड पाण्याचा हात तोंडावरून फिरवला तर तिनं झोपेतच "थँक्यू आई" म्हटलं. त्या दिवशी तिला उठवणारी आई नव्हती, बाप होता. त्याला थोडं लागलं, पण शिस्तीच्या कामात असलं मनाला लावून घ्यायचं नसतं.

त्या आठवड्यात ती दोनदा फाटकाच्या आत जेमतेम पोचली. एकदा तर गजानननं कुलूप हातात घेतलं होतं आणि ते उलटं धरलंय का सुलटं, हे पाहण्यात त्यानं मुद्दाम वेळ घालवला. आत सोडताना तो म्हणाला, असं रोज जमणार नाही बाप्पा, मॅडम खिडकीतून पाहून राहतात.

मग तुळशीराम काकाजींनी या प्रकरणात लक्ष घातलं.

काकाजी तीन घरं सोडून राहतात. रेल्वेत होते, आमला स्टेशनात. त्यांची नोकरीच मुळी लोकांना झोपेतून उठवण्याची होती. मालगाडीचा ड्रायव्हर, गार्ड यांच्या ड्यूटीची वेळ झाली की स्टेशनातून एक माणूस त्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवत असे. त्याला कॉलमन म्हणत. काकाजी आयुष्यभर कॉलमन होते. थंडीपावसात सायकलवर फिरून त्यांनी हजारो ड्रायव्हर उठवले, आणि आपल्यामुळे एकही गाडी लेट झाली नाही, हे ते अजून छाती पुढं काढून सांगतात. आता मोबाइलवर कॉल जातो, कॉलमन कोणाला लागत नाही. काकाजी सकाळी चारला उठून बसतात आणि उठवायला कोणी नसतं.

त्यांनी गुणवंताचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही लोक हौशी आहात. उठवणं ही हाक मारायची गोष्ट नाही, पद्धतीची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पा बससाठी निघाली आणि काकाजी दारात हजर झाले. कानटोपी, मफलर, हातात टॉर्च, काखेत एक जुनं रजिस्टर. घरात आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून, टॉर्चचा उजेड छतावर मारून त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "प्रणाली गुणवंता डोंगरे. सात वाजताची गाडी. कॉल आहे."

आणि प्रणाली उठली. खरोखर उठली. उठून बसली, काकाजींनी पुढं केलेल्या रजिस्टरवर सही केली आणि त्यांच्याकडे पाहून मान हलवली. काकाजींनी सही टॉर्चखाली तपासली, रजिस्टर मिटलं आणि ते निघून गेले. गुणवंताचे डोळे भरून आले. तो चहा टाकायला गेला. परत आला तेव्हा प्रणाली पुन्हा झोपलेली होती, पेन हातात तसाच.

त्यानं काकाजींना गाठून सांगितलं. ते अजिबात हलले नाहीत.

"सही आहे ना?"

"सही आहे काकाजी, पण पोरगी झोपली ना."

"सही झाली का आपली जिम्मेदारी संपली. पुढचं ड्रायव्हरनं पाहायचं." मग त्यांना गुणवंताची दया आली असावी. "आमच्या टायमालेही होते असे. सही करून झोपणारे. त्याईच्यावर कारवाई होत होती."

प्रणालीवर कोणती कारवाई करायची हे त्यांना सांगता आलं नाही. पण काकाजी रोज येत राहिले. रजिस्टरमध्ये सह्या वाढत गेल्या. तिसऱ्या दिवशी तर प्रणालीनं झोपेत सहीखाली "वर्ग ६ ब" असंही लिहिलं, आणि अक्षर तिच्या वहीतल्या अक्षरापेक्षा सुरेख होतं. गुणवंता रोज तिला खांद्यावर टाकून, बूट हातात घेऊन व्हॅनपर्यंत पळत होता. कवडू म्हणायचा, पोरगी आणली का पोतं, टाका मागं. आणि व्हॅन अशी हाणायचा की प्रणाली शाळेत पोचेपर्यंत जागी व्हायची.

रविवारी काकाजी चहाला आले. गाडी तर सुटत होती, पण ड्रायव्हर खांद्यावरून न्यावा लागत होता. ही बाब त्यांच्या नावाला शोभणारी नव्हती. त्यांनी चहा बशीत ओतला आणि पुष्पाला विचारलं, पोरगी रात्री झोपते किती वाजता.

पुष्पानं गुणवंताकडे पाहिलं.

"अकरा होतात," गुणवंता म्हणाला.

काकाजींनी बशी खाली ठेवली. एवढे दिवस अडलेलं कुलूप अचानक उघडावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी सांगितलं की मग हा कॉलच बेकायदा होता. रेल्वेत ड्यूटीवरून आलेल्या माणसाचं रेस्ट पूर्ण झाल्याशिवाय त्याला कॉल देता येत नाही. रेस्ट पूर्ण नसेल तर कॉलमननं दारावरून परत फिरायचं असतं. आपण आठवडाभर नियमबाह्य कॉल देत राहिलो याचं त्यांना फार वाईट वाटलं. "पोरगीचं रेस्टच नाही ना बाप्पा," ते म्हणाले. "तुम्ही मले आधी सांगाले पाहिजे होतं." आणि रजिस्टर घेऊन ते उठून गेले.

अकरा कशामुळे होतात हे घरात तिघांनाही माहीत होतं. कापसाचा सीझन म्हणजे जिनिंगच्या फाटकात रात्रीपर्यंत मेटाडोर आणि ट्रॅक्टर. गुणवंता सगळ्यात शेवटची गाडी तोलून घरी येतो. पुष्पा तोवर जेवून आडवी झालेली असते. तिला पहाटेची बस असते. प्रणाली थांबते. ताट झाकून, पुस्तक मांडीवर घेऊन, बापाची सायकल ऐकू येईपर्यंत. मग दोघं जेवतात आणि ती बोलते. मॅडमनी कोणाला काय म्हटलं, गजानन चपराशाच्या चपलेत कोणी खडा टाकला, पूजा आणि प्रियंका कशावरून भांडल्या आणि कशावरून एक झाल्या. दिवसभर धर्मकाट्यावर गुणवंताशी लोक फक्त किलोत बोलतात. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजा करा, पुढचा. त्या सगळ्या दिवसात माणसाच्या भाषेत त्याच्याशी बोलणं होतं ते एवढंच.

पुष्पानं हे कधी काढलं नव्हतं. आताही तिनं चहाचे कप उचलले आणि मोरीशी जाऊन धुवायला लागली. गुणवंता तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"तिले नऊ वाजता जेवू घालून झोपवत जा," तो म्हणाला. "सांग, बाबाले बारा वाजून राहिले म्हणा. सीझन आहे म्हणा."

"ती नाही ऐकणार."

"सौसरले जा लागते म्हणा मग."

पुष्पानं नळ बंद केला. कप पालथे घालत म्हणाली, "तुमचं ताट मी झाकून ठेवत जाईन."

प्रणाली पहिल्या रात्री रडली, दुसऱ्या रात्री पडून राहिली, तिसऱ्या रात्री झोपली. आणि त्यानंतर ती सकाळी उठायला लागली. चमत्कार म्हणावा असं त्यात काही नव्हतं. आई हाक मारी, पोरगी उठे, तोंड धुई, वेणी घालून घेई आणि कवडूच्या हॉर्नच्या आधी गल्लीच्या तोंडाशी उभी राही. कवडूला वाटलं, आपण हॉर्न बदलला त्याचा हा परिणाम. भूपेंद्रनं फोनवर सांगितलं की सौसरचं नाव काढलं तेव्हाच ती सुधारणार हे त्याला माहीत होतं. काकाजींनी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं "रेस्ट पूर्ण" असा शेरा मारला. गुणवंताबद्दल कोणी काही म्हटलं नाही, आणि त्यानं सांगावं असंही त्यात काही नव्हतं.

तो रात्री येई, हात धुई आणि झाकलेलं ताट उघडून जेवी. भाजी तीच असे. पुष्पाचा हात बदलला नव्हता. पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे. सकाळी ती दिसे, पण सकाळची प्रणाली कामाची होती. बूट, डबा, पाण्याची बाटली, बाबा सरका. रात्रीची प्रणाली त्याला पंधरवडाभर भेटली नाही. ती सौसरला गेली असती तर निदान फोनवर बोलली असती, असा एक विचार त्याच्या मनात आला. तो त्यानं तिथल्या तिथं दाबला, कारण मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत होता.

थंडी वाढत होती. सातपुड्याकडून असा वारा येत होता की धर्मकाट्याच्या खोलीत गुणवंता पोत्यावर पोतं घेऊन बसायचा. गावात जो तो म्हणत होता, आता शाळांचा टाइम बदलणार. दरवर्षी बदलतो. थंडीचा कडाका पडला की कलेक्टरचा आदेश निघतो आणि शाळा उशिरा भरते, हे गुणवंता स्वतः शाळेत होता तेव्हापासून चालत आलेलं. त्या काळी आदेश गुरुजी वाचून दाखवत आणि पोरं टाळ्या वाजवत.

त्या बुधवारी रात्री नवाच्या सुमारास जिनिंगच्या ग्रुपवर आदेश येऊन पडला. शिक्का होता, सही होती, आणि उद्यापासून कोणतीही शाळा सकाळी साडेनऊच्या आधी भरणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. गुणवंतानं ती ओळ दोनदा वाचली. सहकाऱ्याला काट्यावर बसवलं, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि वाटेत गरम आलूबोंडे घेऊन घरी आला.

पुष्पा जागीच होती. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं डोळे बारीक करून "साडेनऊ" एवढं वाचलं आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "चला, झोपू द्या मग सकाळी लेकराले," ती म्हणाली. "मीही नाही हाक मारत." आणि ती झोपली.

गुणवंता पोरीच्या उशाशी बसला. अलार्म, पाणी, वंदना, हॉर्न, कॉलमन हे सगळे उपाय जिच्यावर करून झाले होते, तिच्या कानाशी तो हळूच म्हणाला, "प्रणा, मी आलो."

प्रणाली पहिल्याच हाकेला उठली.

दोघं आलूबोंडे खात बसली. पंधरवड्याचं साठलेलं होतं. प्रियंका आता पूजाशी बोलत नाही, पण तिच्या डब्यातलं खाते. गजाननच्या चपलेत आता खडा टाकत नाहीत, त्याला समजलं. मोठ्या मॅडम प्रार्थनेत जांभई देताना पूजा आणि प्रियंका दोघींनी पाहिल्या. गुणवंता हूं हूं करत होता. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हाले खरंच बारा वाजत होते का?" गुणवंतानं पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि सांगितलं की सीझन आहे. ती म्हणाली, मी एकदा डोळे मिटून जागीच होती, साडेदहा झाले होते. मग तिनं शेवटचा आलूबोंडा अर्धा करून त्याला दिला.

सकाळी ती दोघं ऊन अंगणात येईपर्यंत झोपली. मधे कधीतरी हॉर्न वाजला असावा. गुणवंताला स्वप्नात ट्रॅक्टर आल्यासारखं वाटलं. उठून त्यांनी निवांत आंघोळी केल्या. त्यानं तिची वेणी घातली, ती वाकडी आली, दोघं हसली. मग सायकलवर मागे बसवून तो तिला घेऊन निघाला. रस्त्यात काकाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. आतून पोरांचा एका सुरात कविता म्हणण्याचा आवाज येत होता. गजानन आला, पण कुलपाला हात लावला नाही.

"तिसरा पिरेड चालू होऊन राहिला," तो म्हणाला.

गुणवंतानं मोबाइल काढून आदेश दाखवला. गजानननं चष्मा वर केला, आदेश वरपासून वाचायला लागला आणि पहिल्या ओळीवरच थांबला. मॅडम खिडकीत उभ्या होत्या. प्रणालीनं बापाचा हात धरला होता आणि ती पूर्ण जागी होती.

दुपारी पुष्पानं बोरगावहूनच भावाला फोन केला. भूपेंद्र म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो, कपडे जास्त देऊ नका.

आदेश खरा होता. तो छिंदवाडा जिल्ह्याचा होता. पांढुर्णा २०२३ पासून त्यातून फुटून वेगळा जिल्हा आहे.